बोरीखालचा नमस्कार

एकदा एक तेलाचे व्यापारी होते, आणि ते अत्यंत सुखी होते. कारण सारे गाव त्यांच्यासमोर वाकत असे. सकाळी देवपूजा आटोपून ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसत, पान जमवीत आणि कुंपणापलीकडच्या पायवाटेने जाणारी माणसे पाहत. फाटकाजवळ आला की जो तो थबके, दोन्ही हात तोंडासमोर नेई, कमरेत वाके आणि तसाच पुढे जाई. शेतकरी वाकत, पुजारी वाकत, खुद्द गावचे पाटील वाकत. शेटजींचा ऊर भरून येई. झोपाळ्यावरूनच मान डोलावून ते प्रत्येकाचा नमस्कार स्वीकारीत.

आता खरा प्रकार काय होता, तो सांगतो. शेटजींनी मोठ्या हौसेने कुंपणाला करवंदी लावली होती आणि फाटकाशेजारी बोर. दोन्ही झाडे गुणाची. माती मिळाली, पाणी मिळाले, वाढली. करवंदीने अर्धी पायवाट गिळली, आणि बोरीची एक फांदी वाटेवर अशी ओणवी झाली की ताठ मानेने कोणाला जाताच येईना. वाटेच्या दुसऱ्या अंगाला ओढा. तेव्हा डोळ्यांना काटे लागू नयेत म्हणून हात तोंडासमोर धरायचे आणि वाकून निघून जायचे, एवढाच काय तो नमस्कार! ओसरीवरून फांदी दिसे ती हिरवीगार, डोलणारी. शेटजींची बैलगाडी मागच्या दाराने ये-जा करी, त्यामुळे या वाटेवर त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल ठेवले नव्हते. आणि लोकांचे म्हणाल, तर लोक भले. ‘मोठ्या माणसाला कोण सांगणार? वाकलं की झालं,’ असे म्हणत आणि वाकत.

गावाबाहेर एका मठीत एक वृद्ध आचार्य आपल्या तरुण शिष्यासह राहत असत. संक्रांत तोंडावर आली होती. शेटजी दिव्यासाठी तेल घेऊन मठीत आले आणि बोलता बोलता म्हणाले, “महाराज, गाव फार सुसंस्कृत आहे हो आपलं. एकच बाई तेवढी उर्मट. ती ठकूबाई कुंभारीण. माझं घर आलं की तोंड फिरवते आणि सरळ ओढ्यात उतरते! मी काय वाघ आहे का? तुम्ही दोन शब्द सांगून बघा तिला.”

शिष्य रोज त्याच वाटेने भिक्षेला जात असे. त्याला असा ठसका लागला की बिचाऱ्याला उठून बाहेरच जावे लागले. आचार्य मात्र गंभीरपणे म्हणाले, “सांगतो हं.”

दुसऱ्या दिवशी गुरुशिष्य निघाले. ठकूबाई ओढ्याच्या काठावरच भेटली. टोपली खाली ठेवून ती पाण्याकडे बघत उभी होती. टोपलीत सुगडी होती, संक्रांतीच्या पूजेला लागणारी ती इवली इवली मडकी. संक्रांतीच्या आत बाजारात पोचली तर त्यांचे सोने. सण उलटला की त्यांना कोणी विचारीत नाही.

शेटजींची तक्रार ऐकून ठकूबाईने कपाळाला हात लावला. “उर्मट? मी? अहो म्हाराज, डोक्यावर टोपली घेऊन वाकू कशी? वाकले की सगळा माल खाली. म्हणून उतरते बाई ओढ्यात. मागल्या साली शेवाळावरून पाय घसरला आणि अर्धी सुगडी फुटली, रडतच घरी गेले. यंदा घरात दुसरं काही न्हाई. ही टोपली गेली तर सण कसला आणि वर्ष कसलं!”

शिष्याचे रक्त उसळले. “गुरुजी, आज्ञा द्या! आत्ता कोयता आणतो आणि ती फांदी उडवतो. नाहीतर शेटजींना तोंडावर सांगतो, की लोक तुम्हांला वाकत नाहीत, तुमच्या बोरीला वाकतात!”

“झाड कोणाचं?” आचार्यांनी विचारले.

“शेटजींचं.”

“मग कोयता तुझ्या हातात कशाला?” असे म्हणून आचार्य ठकूबाईकडे वळले. “बाई, तुझी चुंबळ दे बघू.”

तिने बावरून कापडाची चुंबळ पुढे केली. आचार्यांनी ती आपल्या तुळतुळीत डोक्यावर ठेवली, खाली बसले आणि म्हणाले, “चला, हात लावा दोघं.” टोपली डोक्यावर चढली. शिष्याला काही उमगेना. “गुरुजी, हे काय भलतंच! फुटलं म्हणजे?”

“फुटलं तर ठकूबाईची बोलणी मी खाईन. चल.”

ठकूबाईचा जीव टांगणीला लागला. टोपलीखाली हात धरून ती शेजारून चालू लागली. “सावकाश, म्हाराज! मान ताठ! अहो, ताठ ठेवा मान!” जन्मभर नम्रतेवर प्रवचने देणारे आचार्य त्या दिवशी एका कुंभारणीकडून मान ताठ ठेवायला शिकत होते, आणि त्यांना त्यात भारी मौज वाटत होती.

फांदीपाशी येऊन ते थांबले. “शेटजी! ओ शेटजी! नमस्कार करायला आलोय. पण आज वाकता येत नाही हो. तेवढं तुम्हीच बाहेर या.”

आचार्यांच्या डोक्यावर टोपली पाहून शेटजी झोपाळ्यावरून उडालेच. गंजलेली कडी खटपट करून उघडली, फाटकाबाहेर आले, आणि पाहतात तो वाटेत फांदी. झाले! हात आपोआप तोंडासमोर गेले, कंबर आपोआप वाकली. बोरीने पागोटे अलगद काढून घेतले, आणि शेटजी पलीकडे निघाले ते बोडक्या डोक्याने, हात जोडलेले, कमरेत वाकलेले, नेमके ठकूबाईच्या पुढ्यात.

“अगं बाई!” ती दचकून मागे सरली. “शेटजी, मला कशाला नमस्कार!”

शेटजी वाकलेलेच राहिले. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. मग हळूहळू मान वर केली. फांदीच्या काट्याकाट्याला धागे अडकले होते. कोणाच्या पदराचे, कोणाच्या उपरण्याचे, कोणाच्या घोंगडीचे.

“म्हणजे... पाटीलसुद्धा?” त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारले.

“पाटीलसुद्धा,” शिष्य म्हणाला.

शेटजींचा चेहरा लालबुंद झाला. आता काय होते, म्हणून शिष्याने श्वास रोखला. इतक्यात टोपलीतली सुगडी किणकिणू लागली. आचार्यांना हसू आवरत नव्हते! “म्हाराज, हसू नका! माझी सुगडी!” ठकूबाई ओरडली, आणि त्यासरशी शेटजींनाच असे हसू फुटले की ते मटकन खाली बसले.

ठकूबाईने घाईघाईने टोपली उतरवून घेतली. मग शेटजींनी स्वतः कोयता आणला, धोतर खोचले आणि गड्याला हात लावू दिला नाही. फांदी उतरली, करवंदी कुंपणापर्यंत मागे हटली. संक्रांतीला बोरे हवीतच. हां हां म्हणता गाव गोळा झाले, आणि बोरे वेचताना हा गोंधळ, हा हशा!

परतताना शिष्याने विचारले, “गुरुजी, दोन शब्दांत सांगता आलं असतं. एवढा खटाटोप कशाला?”

आचार्य म्हणाले, “दोन शब्दांत त्यांना फक्त अपमान ऐकू आला असता. ओसरीवर बसून आपली वाट दिसत नाही रे, त्यासाठी खाली उतरावं लागतं. झाड बिचारं वाढतं. इथपर्यंत आपलं आणि इथून पुढे सगळ्यांचं, हे त्याला कुठून कळणार? ते ज्यानं लावलं त्यानं बघायचं. आणि शेटजी दुष्ट नव्हते. त्यांनी बघितलं नव्हतं, इतकंच.”

दुसऱ्या दिवशी शेटजी झोपाळ्यावर बसले खरे, पण मन उदास होते. वाट मोकळी झाली, माणसे ताठ चालू लागली, आता आपल्याला कोण विचारतो! काल वाट मोकळी होईतो बाजार उठून गेला होता. तेवढ्यात ठकूबाई तीच भरली टोपली घेऊन सरळ त्या वाटेने आली, फाटकाशी थांबली आणि टोपली तिथल्या कठड्यावर उतरवून ओसरीकडे पाहू लागली.

“शेटजी, जन्म गेला या गावात, पण तुमचं तोंड कालच धड बघितलं. हसरं आहे की हो! आम्हांला वाटायचं, फार कडक माणूस.”

शेटजींचे डोळे भरून आले.

“बघत काय बसलात? बाजार भरला तिकडं. या, हात लावा.”

शेटजी लगबगीने फाटकाबाहेर आले आणि त्यांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. ती झपझप निघून गेली. मागून पाटील येत होते. ते शेटजींच्या खांद्यावर हात टाकून तिथेच गप्पा मारीत उभे राहिले, आणि झोपाळा दुपारपर्यंत रिकामाच राहिला.

आपणही कधी आपल्या फाटकाबाहेर पडून आपलेच कुंपण वाटसरूच्या बाजूने पाहून यावे. जाताना कोयता बरोबर असला तर उत्तमच.