आलोच

"पण यात माझं काय चुकलं, बुवा?"

ओजसचा आवाज चढला होता. पोरींच्या वसतिगृहाचे अर्ज ज्या वेबसाइटवर भरायचे, ती त्याने बनवलेली. खालच्या वाडीतल्या हिराबाईने लेकीचा अर्ज मोबाइलवर चारदा भरला अन् चारही वेळा तो कोरा झाला. उद्या शेवटचा दिवस. काल मठात येऊन ती रडली, म्हणून बुवांनी ओजसला बोलावून घेतलं होतं.

"ती मधेच उठून जाते," ओजस म्हणाला. "दहा मिनिटं हालचाल नसली, की माणूस गेला असं समजून सगळं पुसायचं. मोबाइल भलत्याच्या हाती लागला तर?"

"बरोबर आहे."

"मग?"

"…चल, जेवून घे."

मी मठातला वाढपी. ओजस सकाळपासून उपाशी, दोन एसट्या बदलून आलेला. पहिला भात संपवून त्याने दुसरा कालवला, तेवढ्यात फोन वाजला.

"आलोच!" म्हणत तो डाव्या हाताने फोन धरून अंगणात गेला.

बुवांनी मला डोळ्यांनी खुणावलं. जेवत्या माणसाचं ताट उचलायचं अगदी जिवावर आलं माझ्या. पण बुवांपुढे कोण बोलणार? नेलं आत.

पंधरा मिनिटांनी ओजस परतला. ताट नाही.

"आपण कोण?" बुवांनी विचारलं. "नाव काय? गाव कुठलं?"

ओजस हसला. बुवा हसले नाहीत.

"अहो, मी आत्ता इथेच जेवत होतो! भात कालवून ठेवला होता मी!"

"हालचाल नव्हती."

त्याचा चेहरा एवढासा झाला. मलाच कसंतरी झालं, खरं सांगतो.

"…ती कशासाठी उठते, बुवा?"

"सासू अंथरुणाला खिळलीय. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं. वेळ लागतो."

"चार वेळा…"

"चार."

ओजस ताटाच्या रिकाम्या जागेसमोर बसला. मग हळूच म्हणाला, "नाव पुन्हा विचारावंच लागेल, बुवा. ते सोडता येणार नाही. पण लिहिलेलं पुसायची काहीच गरज नव्हती. ते जपून ठेवता येतं. ओळख पटली, की जिथे सोडलं तिथून पुढे. मी… मी आत्ताच बसतो, संध्याकाळपर्यंत होईल."

तो लॅपटॉपकडे वळला.

"नाव?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"…ओजस. ओजस मराठे."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून ताट आणलं, वरची परात काढली. कालवलेला भात, एक चावा घेतलेली मिरची, सगळं होतं तसं.

ओजसचे डोळे भरून आले.

"टाकलं नव्हतंत?"

"'आलोच' म्हणाला होतास ना."