फटीतला चिंचोका

नदीच्या वळणावर रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथलं पाणी सकाळी हळदीसारखं पिवळं वाहायचं आणि सांजेला लाल. त्या गावात तुंगा नावाची एक रंगारीण राहायची. बाकीचे कढईत हात बुडवून रंग शोधत, तुंगा ओसरीवर चिंचोके मांडून बसे. एकेक चिंचोका म्हणजे रंगाचा एकेक कण, डोळ्यांना न दिसणारा. कोणता कण कोणाचा हात धरील, कोण सोडील, हे ती मोजून काढी आणि चूल पेटण्याआधीच कापडाचा रंग सांगे. झोपेतसुद्धा तिला कण फेर धरताना दिसत.

“तुंगाक्का, चिंचोक्यांनी लुगडं रंगतं होय?” लोक चिडवत.

“रंगत नाही. पण कुठलं वाया जाईल ते कळतं.”

तिचे केस पिकले, तरी कोणी तिचं मनावर घेतलं नाही.

मग राजाला पहाटेच्या आभाळाच्या रंगाचं कापड हवंसं वाटलं. राजांना असलंच काहीतरी हवं असतं! त्यासाठी लागणारी रानफुलं मिळाली एका कढईपुरतीच. एकदा चुकलं तर पुन्हा करून पाहायला फुलं उरणार नव्हती, तेव्हा सगळ्यांना तुंगा आठवली. तिने सात दिवस चिंचोके मांडले आणि तुरटी किती घालायची ते सांगितलं. कापड वर आलं आणि बघणाऱ्यांना वाटलं, आत्ताच उजाडतंय.

राजा हरखला. “तुंगाबाईंची मांडणी शिळेवर कोरा. गावोगावी तीच वापरतील.” जन्मभर तिने याचीच वाट पाहिली होती.

घरी येऊन तिने मांडणी कौतुकाने पुन्हा मोजली, आणि मोजणी जुळेना. एक चिंचोका ओसरीच्या फटीत पडून मोजायचा राहिला होता. दुसरा एक दोनदा मोजला गेला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. बिचारीला रडूच कोसळलं.

सकाळी ती दरबारात गेली. “महाराज, कोरू नका. माझं चुकलंय.”

“अहो, रंग तर बरोबर आला!”

“नशिबाने आला. दुसऱ्या फुलांना हीच मांडणी लावली, तर गावोगावची कापडं नासतील.”

दरबार हसला. राजा हसला नाही. “मग नीट करून आणा. शिळा थांबेल.”

तीन वर्षं लागली. शिळा कोरून गावात उभी केली, तेव्हा राहिलेल्या चिंचोक्याच्या जागी तुंगाने पाथरवटाकडून एक छोटा खळगा करून घेतला. ती गेल्यावरही तिथले रंगारी चूल पेटवण्याआधी त्या खळग्यात बोट ठेवत, आणि आपली मांडणी पुन्हा एकदा मोजत.

तात्पर्य: उत्तर जुळलं म्हणून रीत खरी ठरत नाही. कोणाला न दिसलेली आपली चूक जो स्वतः दाखवतो, त्याच्याच कामावर पुढच्यांनी भरवसा ठेवावा.