मार्गेडच्या पाठीशी गाणं

ही गोष्ट सांगणारा प्रत्येकजण त्यात मूठभर बर्फ आपल्या पदरचं घालतो. मीही घालीन.

फार वर्षांपूर्वी, मोठं युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वेल्समध्ये डोंगराच्या पायथ्याशी कुमहेलिग नावाचं खाणकामगारांचं गाव होतं. आपल्याकडे ज्या वर्षी स्वातंत्र्य आलं, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडच्या कोळशाच्या खाणी जनतेच्या झाल्या. लोक नाचले. आणि महिनाभरात असं बर्फ पडलं, की कोळसा रेल्वेच्या वाघिणींतच गोठला आणि चुली थंड पडल्या.

त्या गावात मार्गेड नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्याच हातांत जन्मलं होतं, असं म्हणतात.

एका दुपारी डोंगरावरच्या मेंढवाड्यात राहणाऱ्या नेस्टचा नवरा घसरत, धडपडत खाली आला. नेस्टला कळा सुरू झाल्या होत्या. त्याचे पाय बर्फाने काळेनिळे पडले होते, त्याला उभंही राहवेना. मार्गेडने लाल शाल गुंडाळली.

"सोबत येतो," पुरुष म्हणाले.

"नको रे बाबांनो. एका वेळी एकच बाळ सांभाळते मी. तुम्ही आपले गात राहा. वाट दिसणार नाही, पण गाणं पाठीशी ठेवून मी नीट वर जाईन."

त्यांच्या प्रार्थनाघरांना घंटा नसे. घंटेचं काम गळ्यांनी करायचं. पण कुमहेलिगला प्रार्थनाघरं दोन, गावाच्या दोन टोकांना, आणि दोघांत जन्माचं वैर. एझ्रा वरच्याचा कारभारी, हॉपकिन खालच्याचा. नेस्ट एझ्राची मुलगी. तिने खालच्या प्रार्थनाघरातल्या मुलाशी लग्न केलं, म्हणून बापाने बोलणं टाकलेलं.

दोन्हीकडची दारं उघडली. दोन्हीकडे गाणी सुरू झाली, पण वेगवेगळी, एकमेकांवर मात करणारी. मधेच वारा विसावला, उडतं बर्फ खाली बसलं आणि डोंगर दिसला. पांढऱ्या उतारावर तो लाल ठिपका गोल गोल फिरत होता.

"तुझं बंद कर, हॉपकिन!" एझ्रा रस्त्यावर येऊन ओरडला. "तिला चकवा लागलाय!"

"आधी तुझं कर! चढाच्या बरोबर खाली आमचं प्रार्थनाघर आहे. मुलगी तुझी, अन् हट्टही तुझाच!"

एझ्रा मागे फिरला. त्याने आपल्या प्रार्थनाघराचं दार लावलं, आणि सगळ्यांना घेऊन गावभर चालत खालच्या दारात आला.

"कुठलं गाताय?" त्याने विचारलं.

"तू सांगशील ते," हॉपकिन म्हणाला.

मग सारं गाव एका सुरात गायलं. लाल ठिपका थबकला, वळला आणि सरळ वर निघाला. असं म्हणतात, तिच्या पायाखालचं बर्फ दगडासारखं घट्ट झालं. असंही म्हणतात, की गाडल्या गेलेल्या मेंढ्या उठून तिच्यापुढे वाट तुडवत गेल्या. दिवस मावळायच्या आत मेंढवाड्याच्या धुराड्यातून धूर निघाला, म्हणजे मार्गेड पोचली; तोवर कुणी थांबलं नाही. मुलगी झाली. बर्फ ओसरल्यावर एझ्रा पहिल्यांदा ती चढण चढला.

आजही तिथे पहिलं बर्फ पडलं की वरच्या प्रार्थनाघराचे लोक कुलूप लावून खाली येतात. दारं सताड उघडतात, माणसं कुडकुडतात. सगळ्यांत म्हातारं माणूस विचारतं, "मार्गेड कुठवर पोचली?"

"चढतेय," सगळे म्हणतात, आणि गायला लागतात.