हजार बियांचा पगार

सागाच्या दाट रानात, ओढ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत एक तरुण खार आपल्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, या खारीला वस्तू नीट लावून ठेवण्याचा भारी नाद. कोणत्या बिया आधी खायच्या, कोणत्या उन्हाळ्यासाठी राखायच्या, कोणत्या फटीत ओल येते, सगळे तिच्या डोक्यात पक्के असायचे. खाऊनपिऊन दर महिन्याला शंभर बिया ती शिल्लक टाकी. शेजारपाजारचे प्राणीही आपले कोठार दाखवायला तिलाच बोलावीत.

नदीपलीकडे एका बगळ्याने व्यवस्थापन विद्यालय काढले होते. कोठार कसे सांभाळावे, दहा जणांकडून काम कसे करून घ्यावे, हे तो दोन वर्षांत शिकवी. एके दिवशी तो रानात आला आणि मान उंच करून म्हणाला, "आमच्याकडे शिकलेल्याला महिन्याला हजार बिया पगार मिळतो! फी फक्त चार हजार बिया."

त्याच्या मागोमाग कोल्हा आलाच. "फीची काळजी कशाला, खारुताई? चार हजार मी देतो. नोकरी लागली की व्याजासकट सावकाश फेड. फेडता आलं नाही, तर ही ढोली माझी. मी ती दुसऱ्या कुणाला भाड्यानं देईन, एवढंच."

"घे गं," खारीची आई लगेच म्हणाली. "तुझं भलं होत असेल तर मी फांदीवर राहीन."

आई हे मनापासून बोलत होती, म्हणूनच खारीला लगेच हो म्हणवेना. शिकायचे तर तिला फार होते. पण आईला उघड्या फांदीवर बसवून? तिने शेपटी झटकली आणि कोल्ह्याला म्हणाली, "मला चार दिवस द्या. आधी विचारून येते."

"कुणाला विचारणार?"

"जे शिकून आलेत, त्यांना."

चार दिवसांत ती विद्यालयातून बाहेर पडलेल्या सात जणांना भेटली. हजार बिया मिळवणारा खरेच एक होता. तो होता धनेश पक्षी. "वडाचं अख्खं झाड आमच्या वडिलांचंच आहे," तो चोच पुसत म्हणाला. "मी शिकलो नसतो तरी पगार हाच असता." मुंगूस मात्र आनंदात होते. त्याला तीनशे बिया मिळत. "पूर आला तेव्हा अख्खं कोठार मी एका दुपारीत टेकडीवर हलवलं," ते अभिमानाने म्हणाले. "ते तिथं शिकलो म्हणूनच जमलं." मग ससा भेटला. तो म्हणाला, "दोनशे मिळतात. त्यातल्या एकशेदहा कोल्होबा घेऊन जातात. तीन वर्षं झाली, अजून निम्मं देणं बाकी आहे. आणि पहिले सहा महिने तर मला काम नव्हतं. व्याज काही थांबलं नाही."

परतताना खार ओढ्यावर थांबली. सातही जणांच्या पगाराचे सात खडे तिने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले आणि मधला उचलला. तो सशाचा निघाला, दोनशेचा. पूर्ण कर्ज काढले तर हाती नव्वद उरणार होत्या, आज न शिकता उरतात त्याहूनही कमी. कर्ज छोटे असले, तर मात्र काही महिन्यांतच दोनशेच्या दोनशे तिच्या. "म्हणजे विद्या खोटी नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "कर्ज तेवढं छोटं व्हायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती नदी ओलांडून थेट विद्यालयात गेली. बगळा तिला वर्ग दाखवू लागला, पण ती कोठाराच्या दाराशीच थबकली.

"गुरुजी, तुमच्या निम्म्या बियांना कोंब फुटलेत."

बगळ्याने मान आखडती घेतली. "पावसाळी हवा आहे जरा."

"हवा नाही, मागच्या भिंतीतून ओल येतेय. माझं शिक्षण चालू असेपर्यंत हे कोठार मी सांभाळते. त्याबद्दल माझी फी निम्मी करा. आणि हजार बिया मिळवणारा कोण, तेही मी पाहून आले आहे."

बगळ्याने कोंब फुटलेल्या बियांकडे पाहिले. मग म्हणाला, "निम्मी. पण त्या हजार बियांचं बाहेर बोलू नकोस."

"कुणी विचारलं तर खरं सांगेन," खार म्हणाली आणि घरी आली.

आता दोन हजारांचा प्रश्न होता. सोळा महिने तिने जमवाजमव केली आणि सोळाशे बिया साठवल्या. पूर्ण कर्ज काढून आधीच विद्यालयात गेलेले तिच्याकडे पाहून हसत, पण ती ढळली नाही. उरलेल्या चारशे तिने कोल्ह्याकडून घेतल्या, आणि ढोली गहाण ठेवायला साफ नकार दिला. कोल्हा कुरकुरला. पण चारशेही द्यायला नकार दिला तर काहीच हाती लागणार नव्हते, म्हणून राजी झाला.

खार शिकली, मन लावून शिकली. पण बाहेर पडली त्या वर्षी रानात दुष्काळ होता. कुणाकडे कोठारात भरायला काहीच नव्हते, तर सांभाळायला कोण हवे? पाच महिने तिला काम मिळाले नाही. तिच्याबरोबर शिकलेल्या एका तितराचे गहाण ठेवलेले घरटे त्या उन्हाळ्यात कोल्ह्याने काढून घेतले. खार सकाळी लवकर उठून पूर्वीसारखी बिया वेचायला जाई. मिळेल त्यातून ती थोडे थोडे देणे फेडत राहिली, आणि पाचवा महिना संपता संपता कोल्ह्याची शेवटची बी तिने त्याच्या पुढ्यात ठेवली. पुढच्याच आठवड्यात अस्वलाने मधाच्या कोठारासाठी तिला बोलावले.

पहिला पगार झाला. आईने तो ढोलीत ओतून मोजला. "दोनशेवीस," ती म्हणाली. "यातून कोल्होबांना किती द्यायच्या?"

"एकही नाही," खार म्हणाली. "या सगळ्या आपल्या, आई."

तात्पर्य : शिक्षणासाठी कर्ज काढताना एखाद्याचा मोठा पगार पाहून भुलू नये, देणे फेडून बहुतेकांच्या हाती काय उरते ते विचारावे, झेपेल तेवढेच कर्ज घ्यावे आणि मग खुशाल शिकावे.