अस्वलिणीचे चोपलेले केस

सागाच्या जंगलात, ओढ्याकाठच्या एका कपारीत, एक अस्वलीण आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. तिचे केस काळे, लांब आणि फार दाट होते. ते सरळ नव्हते आणि पुरते कुरळेही नव्हते. मध्येच वळत, मध्येच सरळ होत. उन्हाळ्यात ते कसेबसे ऐकत, पण पावसाळ्यात हवा दमट झाली की एकेक केस वेगळा उभा राही आणि अस्वलीण होती त्याच्या दीडपट दिसू लागे. ज्यांचे केस असे आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या अस्वलांची एक रीत असते. पिल्लू सात-आठ महिन्यांचे होईपर्यंत आईच्या पाठीवर बसून फिरते. आई वारूळ उकरत असो की डोंगर चढत असो, पिल्लू तिचे केस मुठीत धरून वर बसलेले असते. धोका दिसला की आई फक्त "चढ!" म्हणते. बाकी काही सांगावे लागत नाही.

ओढ्याच्या काठावर उंबराचे एक मोठे झाड होते. सकाळी त्याच्याखाली पिकल्या फळांचा सडा पडे आणि पुष्कळ प्राणी तिथे जमत. अस्वलीण आली की बोलणे सुरू होई.

"सरका, सरका, झुडूप चालत आलं!" भेकर म्हणे.

"अगं ताई, आज कुठल्या वादळातून आलीस?" ओढ्यातले पाणमांजर विचारी. त्याचे स्वतःचे केस आखूड होते. पाण्याबाहेर येऊन एकदा अंग झटकले की ते अंगालगत चपटे बसत.

कोणी वाईट मनाने बोलत नव्हते. अस्वलीणही खाली बघून हसे, पण एक पाऊल मागे सरके. हळूहळू ती सगळे निघून गेल्यावरच उंबराखाली जाऊ लागली. तोवर चांगली फळे संपलेली असत. उरलेली तुडवलेली किंवा किडलेली असत. पिल्लू ती हुंगून तोंड फिरवी.

"आई, आपण सगळ्यांबरोबर का नाही येत?" एकदा त्याने विचारले.

त्याच दुपारी अस्वलीण एकटीच पाणमांजराकडे गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुझे केस इतके छान कसे बसतात रे?"

"माझे? मी तर काहीच करत नाही," पाणमांजर म्हणाले. मग थोडा विचार करून त्याने सल्लाही दिला. "तू असं कर. रोज सकाळी कोरड्या खोडाला पाठ घास. वरून खाली, खालून वर. होतील सरळ."

अस्वलिणीने चार दिवस पाठ घासली. कापूस पिंजावा तसे केस पिंजले गेले. काही तुटून खोडाला चिकटून राहिले, आणि उरलेले पूर्वीपेक्षा जास्त फुगले.

"मग शेवाळ लाव," पाणमांजर म्हणाले. "भरपूर लाव. वरून चिकणमाती चोप आणि वाळेपर्यंत हलू नकोस."

तिने तसेही केले. या वेळी मात्र केस बसले. पाठ काळी, गुळगुळीत आणि चकचकीत झाली. पिल्लू नेहमीप्रमाणे चढायला गेले आणि घसरून खाली आले. त्याने पुन्हा चढून पाहिले, पुन्हा घसरले.

"आज चाल थोडं," अस्वलीण म्हणाली. "मोठा झालास आता."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांबरोबर उंबराखाली गेली. "ही नवी कोण गं?" भेकराने विचारले. पाणमांजराने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि "मी सांगितलं होतं तिला," असे दोनदा म्हटले. पिल्लाने पोटभर ताजी फळे खाल्ली. अस्वलिणीला वाटले, इतके दिवस आपण उगाच लाजत होतो. रोज सकाळी थोडे शेवाळ लावायचे, इतकेच तर आहे. पिल्लू तिच्यामागून पायीच चाले आणि लवकर दमे, पण तिकडे तिने फारसे लक्ष दिले नाही.

तिसऱ्या दिवशी उंबरावर बसलेली म्हातारी वानरीण एकदम ओरडली, "पळा! रानकुत्रे!"

क्षणात उंबराखालची जागा रिकामी झाली. भेकर झाडीत गेले, पाणमांजराने पाण्यात बुडी मारली.

"चढ!" अस्वलीण म्हणाली.

पिल्लाने उडी घेतली आणि ते घसरले. दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा त्याची नखे मातीच्या थरावरून नुसती खरवडत खाली आली.

"आई, धरायला काही नाहीये!"

अस्वलिणीने त्याला मानेला धरून तोंडात उचलले आणि ती पळत सुटली. पण तोंडात पिल्लू असले की चावता येत नाही आणि गुरकावताही येत नाही. कुत्र्यांना हे लगेच कळले. ते दोन्ही बाजूंनी जवळ आले. तेव्हा तिने पिल्लाला ओढ्याकाठच्याच एका खडकाच्या फटीत ढकलले आणि फटीला पाठ लावून ती उभी राहिली. बराच वेळ ती दोन्ही पंजे चालवत होती. तिचा एक कान फाटला. शेवटी, इथे फार मेहनत पडते असे दिसल्यावर कुत्रे निघून गेले.

पिल्लाला खरचटलेही नव्हते. पण ते फटीतून बाहेर यायला तयार नव्हते.

पाणमांजराने पाण्यातून डोके वर काढले. "ताई, एवढं झालं, पण तुझा एक केस जागचा हलला नाही हं!"

अस्वलीण ओढ्यात उतरली आणि जिथे पाण्याला जोर होता तिथे बसून राहिली. शेवाळ आणि माती निघायला दुपार उलटून गेली. ती बाहेर आली तेव्हा पाठीवर केसांच्या जटा झाल्या होत्या. सवयीने ती खोडाकडे वळली.

"थांब बाई, घासू नकोस," म्हातारी वानरीण म्हणाली आणि खाली उतरली. "बस इथे. आमच्यात एकमेकींचे केस बघायची पद्धत आहे. माझा सगळा जन्म त्यात गेला."

तिने जटेचे अगदी टोक बोटांत धरले. तेवढेच मोकळे केले, मग थोडे वरचे, मग आणखी वरचे. मुळापासून ओढले की गुंता खाली जाऊन घट्ट बसतो, असे तिने सांगितले. मोहाच्या बिया दगडाने चेचून तिने बोटांना तेल लावले आणि ते फक्त ओल्या टोकांना पुसले.

"आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही," ती म्हणाली. "रोज धुवायचे नाहीत. कोरडे असताना विंचरायचे नाहीत."

"आजी, सरळ होतील का?" अस्वलिणीने विचारले.

"नाही."

"मग?"

"मोकळे होतील."

फटीच्या तोंडाशी येऊन पिल्लू बघत होते. "मला धरता येतील?"

"अरे, त्यासाठीच तर बसलेय मी केव्हाची," वानरीण म्हणाली.

त्या दिवसापासून अस्वलीण आठ दिवसांतून एकदा ओढ्यावर जाई, आणि वानरिणीने दाखवल्याप्रमाणे टोकांपासून गुंता सोडवी. पाठीकडे तिचा पंजा पोचत नसे, तिथे पिल्लू मदत करी. केसांच्या जटा होईनाशा झाल्या आणि लाटा वेगवेगळ्या दिसू लागल्या. दमट हवेत ते फुगत मात्र तसेच.

"ताई, आज पुन्हा फुगलेत," पाणमांजर म्हणे.

"हो, फुगलेत," ती म्हणे आणि उंबरे खात राही.

पावसाळा संपता संपता ती डोंगराच्या उतारावर वारूळ उकरत असताना रानकुत्रे एकमेकांना बोलवायला घालतात ती शीळ ऐकू आली. या वेळी ओरडून सांगायला वर कोणी नव्हते आणि जवळपास खडकाची फटही नव्हती.

"चढ!"

तिने वळून पाहिले नाही. मानेमागे दोन मुठी आवळल्या गेल्या, तेवढे तिला कळले. ती चढणीला लागली. वाट अरुंद झाली तिथे ती वळली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि मोकळ्या तोंडाने इतक्या जोरात ओरडली, की सर्वांत पुढचा कुत्रा मागच्यावर जाऊन आदळला. पिल्लू तिच्या पाठीला लोंबकळत होते, पण सुटले नाही. थोडा वेळ कुत्रे तिथेच घुटमळले आणि मग आल्या वाटेने परत गेले.

माथ्यावर पोचल्यावर अस्वलीण धापा टाकत खाली बसली. "उतर आता," ती म्हणाली.

पिल्लाच्या मुठी अजून आवळलेल्याच होत्या. "थांब ना, आई," ते म्हणाले. "थोडा वेळ राहू दे."

तात्पर्य : जे आपल्याला मिळाले आहे त्याची निगा राखायला शिकावे; दुसऱ्यासारखे दिसण्याच्या नादात, आपले कोणी आपल्याला मिळालेल्या त्याच गोष्टीच्या आधाराने उभे आहे हे विसरू नये.