आसन सोडणारे चिंतोभट

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खाजणवाडीत चिंतोभट नावाचे पुराणिक होते. पोथी वाचायला बसले की कानामात्रा चुकायची नाही, असं म्हणतात. रवळनाथाच्या देवळातलं पारायण त्यांनीच करायचं आणि ऐकताना गावाने हलायचंही नाही. वाचणाऱ्याने मध्येच आसन सोडलं तर डोळे जातात, अशी गावाला धास्ती होती. भटजींनीही ती कधी कमी होऊ दिली नाही.

त्यांना एकच गोष्ट जमत नसे, गाऱ्हाणं. विसू मानकरी देवापुढे उभा राहून गावाचं सुखदुःख साध्या बोलीत सांगायचा, तेव्हा भटजी नाक मुरडायचे.

"देवाशी असं बाजारात उभं राहिल्यासारखं बोलतात?"

"भटानू, तुमचा ऐकान देवाक जांभई इली आसतली," विसू म्हणायचा.

त्या आश्विनात देवळात पारायण चालू असतानाच अमावास्येचं उधाण आलं. भर दुपारी आभाळ काळवंडलं. खाडीचा बांध फुटला तर गाव बुडणार, म्हणून माणसं फावडी घेऊन निघाली. पण चिंतोभट म्हणाले, "पोथी चालू आहे तोवर पाणी येत नाही. बसा." आणि सगळी बसली.

भटजींनी पान उलटताना सहज गाभाऱ्याकडे पाहिलं. सकाळी वाहिलेली फुलं वाळून काळी पडली होती. समईची ज्योत दाराकडे ओढल्यासारखी वाकली होती. आणि गाभाऱ्यातून निघून, त्यांच्या आसनाला वळसा घालून, ओली पावलं बाहेर गेली होती. माणसाच्या पावलांपेक्षा मोठी. परत येणारं एकही नव्हतं.

सवयीने त्यांचं तोंड चालतच राहिलं, पण आवाज रिकाम्या घरातल्यासारखा घुमून अंगावर येऊ लागला.

पावलं त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनीही पाहिली. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, उठा."

"डोळे जातील."

"जातील तर जातील. पण वाचून कुणाला दाखवताय?"

चिंतोभट उठले. मागोमाग गाव उठला. पावलं थेट बांधावर गेली होती आणि तिथे बांधाला माणूस मावेल एवढं खिंडार पडलं होतं. पलीकडे पाणी भिंतीसारखं उभं होतं, पण आत येत नव्हतं. जणू कुणी पाठ लावून ते थोपवलं होतं.

भटजींनी हात जोडले. एकही ओवी आठवेना. शेवटी ते बोलले, "देवा म्हाराजा, पोथी माका येता, पण तुझ्याशी बोलूक येणा नाय. माका भियां वाटता. गाव राख, आणि घराक चल."

"व्हय म्हाराजा!" मागून गाव ओरडला.

गावाने खिंडार बुजवेपर्यंत थेंबही आत आला नाही, असं म्हणतात. मग चिंतोभट देवळात परतले आणि त्यांनी राहिलेला अध्याय पुरा केला. पोथी त्यांनी सोडली नाही. फक्त त्यानंतर ते अडखळत, मध्ये मध्ये देवाकडे बघत वाचायचे. त्यांचा एक डोळा गेला, असं म्हणतात. मथुराबाई म्हणायच्या, तो लग्नाआधीपासूनच अधू होता.

खाजणवाडीत आजही पारायणात त्या अध्यायाशी वाचणारा पोथीत तुळशीचं पान घालतो, आसन सोडतो आणि गाभाऱ्याच्या दाराशी जाऊन देव आत आहे ना, ते विचारतो, "आसस मां रे?" लहान पोरंसुद्धा श्वास रोखून बसतात. उत्तर आल्याचं कुणी सांगत नाही. पण विचारल्याशिवाय तिथे पुढचं पान उलटत नाहीत.