प्रेमाचा मूळ गुन्हेगार

दसऱ्याच्या मिरवणुकीत भुजंगराजांची अंबारी उलटी बांधली गेली! हत्ती निघाला पुढे आणि महाराजांचं तोंड शेपटीकडे! अख्ख्या चिंचगडानं महाराजांचं पाठमोरं सीमोल्लंघन पोट धरधरून पाहिलं.

माहूत नरसूला लगेच दरबारात उभं केलं.

"डोकं कुठे होतं तुझं?"

"कासारआळीत, महाराज," नरसू बिचारा खरंच बोलला. "बांगडीवाल्याच्या येसूपाशी. प्रेम आहे माझं तिच्यावर."

"प्रेम?" महाराज कडाडले. "हल्लीच्या पोरांचं खूळ! आमच्या काळी नव्हती ही थेरं. पत्रिका जुळली, अक्षता पडल्या, संपलं! हे खूळ काढलं कुणी? तो मूळ गुन्हेगार आठ दिवसांत माझ्यापुढे आणा, नाहीतर हा नरसू हद्दपार!"

शिपायांनी दोन बासरीवाले आणि गजरे विकणारी एक म्हातारी धरून आणली. म्हातारी म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळीही हेच चालायचं, बाबांनो!" झालं, तिलाही सोडावं लागलं.

इकडे येसूचे डोळे रडून रडून सुजले. आठव्या दिवशी दुकान झाडताना तिचा हात एका जुन्या गाठोड्याला लागला. तिनं ते उघडलं, डोळे पुसले आणि खुदकन हसली. गाठोडं डोक्यावर घेऊन ती थेट दरबारात गेली.

"हा काय कचरा?" महाराज ओरडले. समोर नुसत्या दोऱ्यांचा ढीग!

"मापं आहेत, महाराज. बायकोला न सांगता बांगड्या न्यायच्या, तर माप कसं मिळणार? मग नवरे ती झोपली की हाताला दोरा गुंडाळतात, गाठ मारतात आणि चोरासारखे आमच्या दुकानी येतात. आमच्या घरात माप टाकत नाहीत. सात पिढ्यांची आहेत! हा सेनापतींच्या आजोबांचा. हा राजज्योतिष्यांच्या पणजोबांचा, घाईत पंचांगाचाच दोरा ओढून आणला होता त्यांनी!"

सेनापती एकदम छताची नक्षी बघू लागले.

"तळाचे दोरे तर हात लावला की भुगा होतात. कुणाचे, ते माझ्या पणजीलाही ठाऊक नव्हतं. पहिला गुन्हेगार काही सापडायचा नाही. पण एक हयात आहे!"

"कोण तो? बोल!"

येसूनं हिरवा, जरीचा दोरा वर धरला. "तीस वर्षांपूर्वी एक माणूस घोंगडी पांघरून माझ्या आजीकडे आला. दोरा मात्र राजफेट्याचा! राणीसाहेबांनी जरा हात द्यावा."

महाराजांशेजारी बसलेल्या राणीसाहेबांनी हात पुढे केला. येसूनं दोरा गुंडाळला. चांगला दोन बोटं तोकडा!

"नाही बसत!" प्रधान टाळी वाजवून म्हणाले. "पोरगी खोटारडी!"

"चुकलंच माझं," येसू मान खाली घालून पुटपुटली. "म्हणजे दोरा महाराजांचाच, पण माप दुसऱ्या कुणा बाईचं."

राणीसाहेबांच्या भुवया चढल्या. "दुसऱ्या कुणा बाईचं?"

महाराज ताडकन उठले. "अहो, तुमचंच! तेव्हा हात नाजूक होता तुमचा! मी स्वतः मोजला होता, तीनतीनदा!"

आता सेनापतीही छत सोडून महाराजांकडे बघू लागले.

"गुन्हेगार सापडला, महाराज," येसू हात जोडून म्हणाली. "आता हद्दपार कुणाला करायचं?"

महाराज आधी लाल झाले, मग असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळून प्रधानांच्या मांडीवर पडला! नरसू तिथल्या तिथे सुटला. येसूला पैठणी मिळाली, वर लग्नाच्या वरातीला राजाचा हत्ती. अंबारीचं तोंड कुठे आहे, हे महाराजांनी स्वतः तपासलं.

राणीसाहेबांनी मात्र तो हिरवा दोरा येसूकडून मागून घेतला आणि महाराजांपुढे हात धरला.

"आता नवं माप घ्या. आणि या वेळी मी जागी असताना!"